आधी खात्री कर

कारखान्याच्या फाटकावर तिचा फोटो लावलेला होता, माणसाच्या दुप्पट उंचीचा. डोक्यावर पांढरं हेल्मेट, हातात पाना, चेहऱ्यावर हसू, आणि खाली ठळक अक्षरांत ‘मुलींनो, पुढे या!’ फोटो लागला त्या दिवसापासून तिचं खरं नाव मागे पडलं. तोंडावर सगळे मॅडम म्हणायचे, पाठ वळली की पोस्टरताई. तिच्या कानावर ते आलंच. पण चालत्याचे पाय आणि बोलत्याचं तोंड कोणी धरावं, असं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं. निदान नवऱ्याला तरी ती असंच सांगायची.

कारखान्यात पाण्याचे मोठमोठे पंप बनत. एखाद्या शहराला पाणी पुरवतील किंवा खाणीत भरलेलं पाणी उपसून काढतील, एवढे मोठे. पंप तयार झाला की बाहेर जाण्याआधी तो चाचणी विभागात चालवून बघत. पोस्टरताई इंजिनिअर होऊन आली ती थेट त्या विभागात. गमबूट घालून हौदाच्या कडेला उभं राहायचं, काटे वाचायचे, पंपाचा आवाज ऐकायचा. त्या वर्षांत घरी आल्यावरही तिच्या अंगात ती घरघर असायची, आणि तिला ती आवडायची. मग मुलगी झाली. बाळंतपणाची रजा संपवून परत आली तर तिच्या खुर्चीत दुसराच बसलेला.

“तुमच्यासाठी याहून मोठं काम ठेवलंय, मॅडम,” मोठे साहेब म्हणाले होते. “यंत्र काय, कोणीही चालवेल. मुलींना या क्षेत्रात आणायचं काम तुमच्याशिवाय कोण करणार?”

तेव्हापासून ती शाळाशाळांतून फिरत होती. हुद्दा तोच, पगार तोच, फक्त काम नाही. तिच्या स्वतःच्या लेकीने मात्र विज्ञानाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. “आई, कामावरून आल्यावर तुझा चेहरा मी रोज बघत होते ना,” एवढंच बोलून तिने कायद्याला प्रवेश घेतला होता.

अशाच एका शाळेत तिला ती मुलगी भेटली. हडकुळी, वेणी अर्धी सुटलेली, मागच्या बाकावरून सतत हात वर. भाषण संपल्यावर तिने पहिला प्रश्न टाकला, “पोस्टरवर तुमचं हेल्मेट इतकं स्वच्छ का?”

वर्ग हसला. बाईंनी डोळे वटारले. “हिला आम्ही ‘काका’ म्हणतो,” शेजारची मुलगी उत्साहाने म्हणाली. “सारखं का, का, का!”

“फोटोवाल्याने नवं दिलं होतं,” पोस्टरताईने खरं ते सांगून टाकलं. “माझं घासलेलं होतं.”

“मग घासलेलंच का नाही घातलं?”

पोस्टरताईलाही हसू आलं. तास संपल्यावर काका तिच्यामागोमाग फाटकापर्यंत आली. पंप पाणी ओढतो की ढकलतो, बंद करताना एकदम बंद केला तर पाइपातल्या पाण्याचं काय होतं, असे एकेक प्रश्न. निघताना तिने हळूच विचारलं, “बाबा म्हणतात, मुलीच्या जातीला हे झेपत नाही. झेपतं का हो?”

“झेपतं,” पोस्टरताई म्हणाली. “न झेपायला काय झालं? मी आहे ना तिथे. तू ये.”

असं ती किती मुलींना म्हणाली असेल. पण ही खरोखरच आली. काही वर्षांनी, पदवी घेऊन, निवडीच्या मुलाखतीत सगळ्यांच्या पुढे राहून. आणि तिने मागून घेतला तो चाचणी विभागच.

पहिल्या दिवशी पोस्टरताई तिला स्वतः सोडायला गेली. विभागाचा इनचार्ज खुर्चीतून न उठताच म्हणाला, “या, या. आता कारखान्याला दुसरं पोस्टर लागणार म्हणायचं.” काकाने तिकडे लक्ष दिलं नाही. ती काचेपलीकडे फिरणाऱ्या पंपाकडे बघत होती. जत्रेत हरवलेल्या पोराला आई दिसावी, तशी बघत होती.

विभागात तिला माणूस म्हणून वागवणारा एकच जण होता, मिस्त्री. निवृत्तीला आलेला फिटर, मिशा पिकलेल्या, बोलणं तुटक. जेवणाच्या सुट्टीत बाकड्यावर सरकून तिला जागा करून द्यायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावून आतली कुरबूर कशी ऐकायची, हे त्याने तिला शिकवलं. काकाने शाळेतलं टोपणनाव त्याला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला, आणि आठवड्याभरात अख्खा विभाग तिला काका म्हणायला लागला. “काय काका, पुतणे कसे आहेत?” अशा चेष्टा चालायच्या. ती हसून घ्यायची.

नियंत्रण कक्षात काचेसमोर काटे होते आणि काट्यांच्या खाली मुठीएवढं लाल बटण. दाबलं की चालता पंप बंद. एकदा बंद झाला की पाणी उतरवायचं, पुन्हा भरायचं, सगळी जुळणी तपासायची. त्यात अख्खी पाळी वाया जायची.

बाहेरगावची गिऱ्हाइकं पंप बघायला आली होती त्या दिवशी, पंप किती थरथरतो ते दाखवणारा कंपनाचा काटा अचानक उडून धोक्याच्या लाल पट्ट्यात गेला. काका एकटीच कक्षात होती. तिने बटण दाबलं. पंप गुरगुरत थांबला. सगळे धावले. तपासलं तर पंपाला काहीच झालेलं नव्हतं, काट्याकडे येणारी एक तार सैल झाली होती.

इनचार्जने गिऱ्हाइकांसमोरच हात जोडले. “काका, बटण दाबलं की पंप बंद होतो, एवढं आम्हाला पण माहीत आहे. त्यासाठी पदवी नाही लागत.”

दुसऱ्या दिवशी बटणाच्या वर कागद चिकटवलेला होता, ‘हात लावण्यापूर्वी काकांना विचारा’. तिने तो काढला. त्यानंतरच्या दिवशी परत लागला. कॅन्टीनमध्ये ती शिरली की कोणीतरी तोंडाने भोंगा वाजवायचं आणि टेबलच्या टेबल खिदळायचं. मिस्त्रीने एकाला झापलं, तर त्यालाही ‘काकांचे काका’ म्हणायला लागले.

काका पोस्टरताईच्या केबिनमध्ये आली ती दार लावूनच. बसलीसुद्धा नाही.

“मॅडम, माझं चुकलं का? काटा लाल पट्ट्यात गेला की थांबवायचं, असं पुस्तकात आहे, भिंतीवर लावलेल्या नियमांत पण आहे. मी काय वेगळं केलं?”

पोस्टरताईला तिची दया आली, आणि भीतीही वाटली. ही पोरगी अशीच राहिली तर हिला इथे टिकू देणार नाहीत. स्वतः तिने काय काय गिळलं होतं ते तिला आठवलं. ती उठली, काकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मनापासून म्हणाली, “तुझं चुकलं नाही गं. पण ऐक. पुरुषाची चूक ही नुसती चूक असते. आपली चूक म्हणजे सगळ्या बायकांची चूक. म्हणून आपण दहादा बघायचं. आधी खात्री कर, इनचार्जला सांग, त्याला ठरवू दे. मग हात लाव. जरा पाय रोवू दे, मग काय ते कर.”

“आणि तेवढ्यात काही झालं तर?”

“काही होत नाही. मी इतकी वर्षं अशीच काढली.”

 काकाने मान हलवली. “बरं,” म्हणाली. पुढे काही विचारलं नाही, याचं पोस्टरताईला त्या वेळी बरंच वाटलं. पोरगी शहाणी झाली, असं तिने घरी नवऱ्याला सांगितलं.

त्यानंतर काही आठवडे शांततेत गेले. भोंगे बंद झाले. इनचार्जनेही एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, “आता काका माणसांत आली.”

मग एका मोठ्या पंपाची चाचणी निघाली. खाणीचा पंप, आधीच उशीर झालेला, संध्याकाळपर्यंत गाडीत चढवायचाच होता. मोटर आणि पंप यांना जोडणाऱ्या फिरत्या सांध्यावर लोखंडी जाळी असते. सांध्यातलं काही निसटलं तर ते जाळीत अडकावं, माणसाला लागू नये, म्हणून. सकाळी माप घेण्यासाठी ती काढली होती. परत बसवायला वेळ लागतो, म्हणून इनचार्ज म्हणाला, “राहू दे तशीच, थोड्या वेळाचं तर काम आहे.”

पंप सुरू झाला. काका काट्यांसमोर बसली होती, इनचार्ज तिच्यामागे फोनवर बोलत होता. काचेपलीकडे मिस्त्री आपला स्क्रूड्रायव्हर घेऊन बेअरिंगपाशी वाकला.

कंपनाचा काटा सरकला. या वेळी उडाला नाही, हळूहळू चढत गेला. काका म्हणाली, “सर, काटा वर जातोय.”

इनचार्जने फोनवर हात ठेवला. “तार बघ आधी.”

तिने तार बघितली. घट्ट होती. “सर, तार बरोबर आहे. थांबवू का?”

“एक मिनिट गं!” आणि तो पुन्हा फोनकडे वळला.

तिचा हात बटणावर होता. नंतर चौकशीत तिने हे स्वतःहून सांगितलं. हात बटणावर होता, आणि ती मागे वळून इनचार्जकडे बघत होती. तो हो म्हणेल म्हणून. तेवढ्यात सांध्याचा बोल्ट तुटला. काचेवर काहीतरी आदळलं, आणि काचेपलीकडे मिस्त्री उभा होता तिथे उभा नव्हता.

बटण तिने दाबलं, पण मागाहून.

मिस्त्रीचा जीव वाचला. उजवा पाय मात्र गुडघ्याखालून कापावा लागला.

चौकशी बसली. मोठे साहेब, सुरक्षा अधिकारी, आणि प्रकरण एका मुलीचं म्हणून बाईमाणूस असावं, अशा विचाराने पोस्टरताई. आदल्या दिवशी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून नुसतीच उभी होती. नवरा आपलं चष्म्याचं दुकान बंद करून आला तसा तिच्याकडे बघून थबकला.

“काय झालं?”

तिने सगळं सांगितलं. केबिनमधलं बोलणंही. तो हात धुऊन येऊन बसला.

“त्या पोरीने तुझं नाव घेतलंय?”

“नाही. कोणाजवळच नाही.”

“मग बोललीस तर नोकरी जाईल, नाही बोललीस तर झोप जाईल,” तो म्हणाला. “दोन्हींतलं काय परवडतं, ते तूच बघ. मी आहे.”

चौकशीच्या खोलीत काका टेबलाच्या पलीकडे ताठ बसली होती. वेणी घट्ट बांधलेली, डोळ्यांखाली काळं. इनचार्जची साक्ष आधीच झाली होती. “बटण तिच्या हाताखाली होतं, मी फोनवर कामाचंच बोलत होतो, ती दाबू शकत होती.” जाळीचा विषय निघाला तेव्हा सुरक्षा अधिकारी म्हणाला, “तो मुद्दा आपण वेगळा घेऊ,” आणि पान उलटलं.

“तुम्हाला धोका दिसत होता,” मोठ्या साहेबांनी काकाला विचारलं. “नियम तुम्हाला पाठ आहेत. मग बटण का दाबलं नाही?”

काकाने एकदा पोस्टरताईकडे पाहिलं आणि नजर टेबलावर नेली. “खात्री करत होते,” ती म्हणाली.

“कसली?”

 सगळं आयुष्य ‘का’ विचारण्यात घालवलेल्या पोरीला एका साध्या ‘का’चं उत्तर देता येत नव्हतं. देता येत होतं, पण ती देत नव्हती.  पोस्टरताईने पाण्याचा पेला बाजूला सारला.

“तिला तसं मी सांगितलं होतं,” ती म्हणाली.

खोलीतले सगळे तिच्याकडे वळले. “मागच्या वेळी तिने बटण दाबलं ते नियमाप्रमाणेच दाबलं होतं. त्यावरून महिनाभर तिची टिंगल झाली, आणि कोणी अडवलं नाही. ती माझ्याकडे आली तेव्हा मी म्हटलं, आधी इनचार्जला विचार. तिने विचारलं. दोनदा विचारलं. तो फोनवर होता. आणि जाळी बसवलेली असती तर मिस्त्रीचा पाय आज जागेवर असता. हे कागदावर घ्या.”

मोठ्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. “मॅडम, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय.”

“घ्या कागदावर.”

घेतलं. आणि त्याचं जे झालं ते असं. इनचार्जला समज देऊन दुसऱ्या पाळीत घातलं. काकावर ठपका नाही, असं अहवालात आलं. पण त्याच्याच खाली एक ओळ होती. महिला कर्मचाऱ्यांवर अशा प्रसंगी येणारा मानसिक ताण लक्षात घेता, त्यांच्या सुरक्षिततेसाठी, यापुढे चाचणी चालू असताना त्यांची नेमणूक नियंत्रण कक्षात करू नये. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात ते ऐकलं होतं. इथे संन्याशाला हार घालून दाराबाहेर काढलं होतं. पोस्टरताईने त्यावर हरकत लिहून दिली. उत्तर आलं नाही. तिने परत लिहून दिली.

काकाने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी कपाट रिकामं करून ती फाटकाकडे निघाली तेव्हा पोस्टरताई तिच्यासोबत बसथांब्यापर्यंत गेली. दुपार होती, रस्त्यावर धूळ उडत होती. दोघी बाकावर बसल्या.

“थांबली असतीस तर आपण दोघी मिळून भांडलो असतो,” पोस्टरताई म्हणाली.

“त्या दिवशी तुम्ही बोललात कशाला?” काकाने विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. “मी तुमचं नाव घेतलं नव्हतं. म्हटलं, निदान तुम्ही तरी आत राहाल.”

“मी आत कुठे होते गं? मी केव्हाचीच बाहेर आहे.”

“ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.” काका रस्त्याकडे बघत होती. “तुम्ही वाईट नाही सांगितलंत, ताई. मला ते पटलं होतं, हेच वाईट. शाळेत असते तर मी नसतं ऐकलं.”

पोस्टरताईला बोलायचं होतं. इतक्या शाळांतून म्हटलेली सगळी वाक्यं तिच्या ओठांवर आली, हिंमत हरू नकोस, वाट अवघड असते, तू कमी नाहीस. त्यातलं एकही वाक्य त्या बाकावर बसवता येईना. बस आली. काका चढली, खिडकीपाशी बसली, आणि बस वळेपर्यंत समोरच बघत राहिली.

काकाच्या बाबांनी तिला “मी सांगितलं होतं ना” असं म्हटलं नाही, असं नंतर कळलं.  एका दुकानाच्या माडीवर ती लहान मुलांना गणित शिकवते.

पुढच्या मोसमात मोठ्या साहेबांनी पोस्टरताईला पुन्हा शाळांची यादी दिली. ती गेली. पहिल्याच शाळेत तिने पाना, हेल्मेट, चित्रं, सगळं पिशवीतच ठेवलं आणि मुलींना मिस्त्रीच्या पायाची गोष्ट सांगितली. काका कोण होती, तिने एकदा बटण का दाबलं आणि एकदा का नाही, आणि तिला ते कोणी शिकवलं, ते सगळं सांगितलं. “या क्षेत्रात या,” ती म्हणाली, “पण तिथे तुम्हाला शहाणपणाचा सल्ला देणारी माझ्यासारखी कोणी भेटली, तर तिचं ऐकू नका.” मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. टाळ्या झाल्या नाहीत. मुख्याध्यापिकेने त्याच दिवशी कारखान्यात तक्रार केली, की मुली घाबरल्या.

शाळांचं काम बंद झालं. फाटकावरचा फोटो उतरवला आणि त्या जागी कुठल्याशा जाहिरातवाल्याकडची हसरी तरुण मुलगी आली. पोस्टरताईला केबिन राहिली, टेबल राहिलं. लोक अजून तिला पोस्टरताईच म्हणतात. भिंतीपलीकडे पंप सुरू झाला की तिचे हात टेबलावर थांबतात, आणि तो बंद होईपर्यंत ती काही करत नाही.

रविवारी ती मिस्त्रीकडे जाते. तो खाटेवर भिंतीला टेकून बसतो, कुबड्या शेजारी. बायको चहा ठेवून आत जाते. पहिल्यांदा गेली तेव्हा तिने माफी मागितली होती. 

“दाबायला हवं होतं पोरीने,” तो म्हणाला. “खोटं कशाला बोलू? आणि मी जाळीशिवाय जवळ जायला नको होतं. माझं आयुष्य गेलं त्यात, मला कळत नव्हतं? पण घाई होती. सगळ्यांनाच घाई होती.”

गेल्या रविवारी त्याने आपणहून विषय काढला. “ती आली होती परवा.”

“काका?”

“हं. काही बोलली नाही. तिथे बसली, तुम्ही बसलात तिथेच. चहा घेतला, उठली, गेली.” त्याने पाय नसलेल्या बाजूची चादर सरळ केली. “बाई, तिला सांगा, येत जा म्हणावं. बोलली नाही तरी चालेल. माझी तरी कुठे फार बडबड असते?”

पोस्टरताईने बाहेर जिन्यात येऊन काकाला फोन लावला. घंटा वाजत राहिली. कोणी उचलला नाही. तिने थोडा वेळ थांबून पुन्हा लावला, मग फोन पर्समध्ये टाकला आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागली.